सेल लागला की हात शिवशिवतात, काय करू? काउंटरच्या आतल्या बाजूचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा-बायको दोघं नोकरी करतात, इंदिरानगरला फ्लॅट, पगार बरे, पण सेल लागला की ताईंना राहवत नाही. एअर फ्रायर, रोटी मेकर, फूट मसाजर, भाजी कापायची तीन वेगवेगळी यंत्रं, सगळं घरात पडून आहे, वास्तुशांतीला आलेला आहेर वेगळाच. नवरा म्हणतो हा आजार आहे. खरंच आजार आहे का, आणि थांबवायचं कसं?

ताई, आजाराचं नंतर बोलू, आधी धंद्याचं बोलतो कारण मला तेच येतं. वीस-बावीस वर्षं मी नाशकातच घरगुती उपकरणांच्या शोरूममध्ये काढली, सेल्समनपासून फ्लोअर मॅनेजरपर्यंत, आणि आता सातपूरला जुन्या फ्रीज, वॉशिंग मशीनची खरेदी-विक्री आणि दुरुस्ती करतो. म्हणजे माल घरात जाताना पण बघितलाय आणि घरातून परत येताना पण. त्यामुळे तुम्हाला कुठे धरलं जातं ते मी बऱ्यापैकी सांगू शकतो.

तुम्ही विकत घेताय तो भाव. वस्तू त्याच्याबरोबर घरी येते, बस. तुमच्या प्रश्नात प्रत्येक वस्तूपुढे तुम्ही लिहिलंय की ती किती टक्के सूटमध्ये मिळाली, एकीपुढेही असं नाही लिहिलं की ती कशासाठी हवी होती. गिऱ्हाईक दारातून आत आलं की चांगल्या सेल्समनचं पहिलं काम हेच असतं, की त्याच्या डोक्यातला "हवंय का" हा प्रश्न जाऊन "कितीला पडेल" हा प्रश्न यायला पाहिजे. एकदा घासाघीस सुरू झाली की माणूस घेणारच, मग फक्त पाचशे इकडे की तिकडे एवढंच उरतं, आणि ते पाचशे सोडायची मुभा सेल्समनला आधीच दिलेली असते.

एमआरपी ही काय चीज आहे ते पण समजून घ्या. पाकिटावर छापलेली ती कमाल किंमत, सगळे टॅक्स धरून, त्याच्यावर विकायचं नाही एवढाच कायदा. खाली कितीलाही विका. आमच्यात प्रत्यक्ष विक्रीचा भाव वेगळा असतो, त्याला एमओपी म्हणतात, मार्केट ऑपरेटिंग प्राइस, आणि तो एमआरपीच्या पुष्कळ खाली असतो, वर्षभर असतो. म्हणजे ४५ हजार छापलेला फ्रीज ३२ ला मिळाला याच्यात १३ हजार वाचले असं काही नसतं, तो ४५ ला कधी कुणी घेतलेलाच नसतो. पण स्टिकरवर ४५ खोडून ३२ लिहिलं की डोकं ४५ पासून मोजायला लागतं.

आणि तीन फ्रीज शेजारी शेजारी का ठेवतात? एक साधा, एक मधला, एक फार महाग. महागडा विकायला ठेवलेलाच नसतो, तो मधला स्वस्त वाटावा म्हणून असतो. मग सेल्समन म्हणतो, "वहिनी, दार उघडून बघा ना." स्वतः नाही उघडून दाखवत, तुम्हाला उघडायला लावतो, कारण हात लागला की वस्तू थोडी आपली वाटायला लागते. त्यात ज्या मॉडेलचा माल गोडाऊनमध्ये म्हातारा झालाय त्याच्यावर सेल्समनला जास्त इन्सेंटिव्ह असतो, म्हणून "हेच घ्या, हेच चाललंय सध्या" जेव्हा फार जोरात ऐकू येतं तेव्हा ते चालत नसण्याचीच शक्यता जास्त.

एक गंमत सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला तेव्हा एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचाच्या वरचे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. फ्रीज आणि वॉशिंग मशीन २०१८ पासूनच १८ टक्क्यांत आहेत, त्यांच्यात काही बदललं नाही. पण लोक "जीएसटी कमी झालाय ना" म्हणत फ्रीज बघायला निघाले. जुन्या धंद्यातले मित्र सांगत होते, लोक स्वतःच आनंदात होते तर आम्ही कशाला मोडता घालू.

आता डेमो. तुमच्या तिन्ही भाजी कापायच्या यंत्रांबद्दल मी पैज लावतो, त्यातलं निदान एक डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या प्रदर्शनातलं असणार. तिथे तो माणूस माईक लावून काय कापतो ते आठवा. गाजर, काकडी, कोबी, टणक बटाटा. टोमॅटो एकच कापतो, तो पण कच्चट. पिकलेला टोमॅटो, मेथी, भेंडी, कांदापात, आपण रोज जे चिरतो ते तिथे दिसतच नाही. आणि यंत्र धुताना त्याला कुणी बघितलेलं नसतं. घरी आलं की जाळीत अडकलेला कोबी टूथब्रशने काढताना कळतं की विळी बरी होती.

रोटी मेकरची कणीक डेमोवाला सकाळीच मळून ठेवतो, चांगली सैल, कोमट पाण्यात, तेल घालून, मुरवून. आपल्या रोजच्या कणकेचा गोळा त्यात दाबला की पापड होतो. एअर फ्रायरच्या डेमोत फ्रोझन फ्रेंच फ्राईज टाकतात, "एक थेंब तेल नाही बघा", आणि ते खरंच कुरकुरीत होतात, कारण ते फ्राईज कारखान्यातच एकदा तेलात तळून मग गोठवलेले असतात! घरी तुम्ही कच्चा बटाटा चिरून टाकला की तो नुसता भाजलेला बटाटा लागतो आणि पोरं म्हणतात आई तळूनच दे.

पण सगळ्यात भारी डेमो पाण्याचा. हा घरी येऊन करतात म्हणून जरा सविस्तर सांगतो, नाशिककरांना हा फार लागतो. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं. दोन्हीत सळया असलेलं एक छोटं यंत्र बुडवतात, प्लग लावतात, मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ, वर फेस, बघवत नाही. आरओचं तसंच स्वच्छ. घरातल्या आजी म्हणतात, "अगं बाई, हे पितोय आपण?" आणि तिथेच सौदा होतो. प्रत्यक्षात ती घाण पाण्यातली नसतेच. सळई लोखंडाची असते, पाण्यात क्षार असले की वीज वाहते, वीज वाहिली की लोखंड विरघळून त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून वीज वाहत नाही म्हणून गंज नाही. पुढच्या वेळी कुणी आलं तर त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता लाव प्लग. तोही तपकिरी होईल आणि त्या पोराचा चेहरा बघण्यासारखा होईल, बिचाऱ्याला चहा पाजून पाठवा.

टीडीएस मीटरचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचं पण तसंच. मीटरवर दीडशे आकडा आला की तो मोठ्याने वाचतात, जणू ताप आलाय. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतं. २०१९ च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने उलट असं सांगितलं होतं की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणा, कारण एक ग्लास पाण्यासाठी दोन-तीन ग्लास मोरीत जातात. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी असेल तर टीडीएस कमीच असतो, साधा फिल्टर आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरतो. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओ घ्याच, मी नाही म्हणणार नाही. मुद्दा असा की यंत्र वाईट नाही, तुमच्या नळाला काय येतं ते आधी बघायला पाहिजे होतं, आणि भीती दाखवली की ते बघायचं राहून जातं.

आता ईएमआय. "नो कॉस्ट" म्हणजे व्याज नाही असं लोक समजतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फीच्या नावाखाली वगैरे लपवलेलं असतं. आता होतं असं, की व्याजाइतकी सूट दुकान किंवा कंपनी आधी देते आणि बँक व्याज लावतेच. ३० हजारांची वस्तू, ६ हप्ते ५ हजारांचे. व्याजदर १५ टक्के धरला तर बँकेच्या हिशोबात कर्ज सुमारे २८,७३० चं आणि व्याज १,२७० चं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २२९ रुपये, तो तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर तिच्यावरचा जीएसटी धरून २३५. झाले साडेचारशेच्या वर. रोख घेतलं असतं तर दुकानदाराने जे काही सोडलं असतं ते गेलं ते वेगळंच.

पण खरं सांगू का, साडेचारशे रुपयांनी कुणाचं घर बुडत नाही. नुकसान वेगळं होतं, ३० हजार म्हटल्यावर जो माणूस घरी जाऊन विचार करतो म्हणतो, तोच ५ हजार म्हटल्यावर खिशातून कार्ड काढतो, आणि असे चार "पाच हजार" एका वेळी चालू असले की महिन्याला २० हजार पगारातून आपोआप जातात आणि कुठे जातात ते कळत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली पोरं दिवाळी बोनसच्या भरवशावर हप्ते घेतात आणि बोनस यायच्या आधीच खर्च झालेला असतो. त्यात कार्डाचं बिल पूर्ण न भरता "मिनिमम ड्यू" भरलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर्षाचे चाळीसच्या वर. सावकार बरा म्हणायची पाळी येते.

मोबाईलवर हेच सगळं, फक्त सेल्समन दिसत नाही. "फक्त २ शिल्लक", उलटं चालणारं घड्याळ, "नाही, मला बचत नको" असं लिहिलेलं बटण, बिलात गुपचूप टाकलेलं पाच-पन्नास रुपयांचं काहीतरी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला याला डार्क पॅटर्न असं नाव देऊन १३ प्रकार नियमात घातलेत, खोटी घाई आणि गुपचूप कार्टमध्ये टाकणं हे त्यातलेच. असं काही फसवलं असेल तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. पण तक्रार केल्याने रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्या पडल्या होणारी खरेदी थांबणार नाही, त्यासाठी ॲपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढा. दर वेळी उठून पर्स शोधून १६ आकडे टाकायचे म्हटलं की निम्मी खरेदी झोपेपुढे हरते, गंमत नाही सांगत.

माझ्या जुन्या मालाच्या दुकानात एक गोष्ट फार दिसते. लोक वस्तू घेतात ती आज जसे आहेत त्या स्वतःसाठी नाही घेत, उद्या होणार आहोत त्या माणसासाठी घेतात. ट्रेडमिल घेणारा पहाटे साडेपाचला उठणारा असतो, ओटीजी, म्हणजे छोटा ओव्हन, घेणारी बाई घरी केक करणारी असते, फूट मसाजर घेणारा रोज संध्याकाळी आईचे पाय दाबणारा मुलगा असतो. तो माणूस काही येत नाही, वस्तू मात्र येऊन बसते. ट्रेडमिल माझ्याकडे येतात तेव्हा पट्टा नवा कोरा असतो आणि हँडलवर कपडे वाळत घातल्याचे डाग. आणि ताई, तुमच्यासारख्या दोघं नोकरीवाल्या घरांत तर मला वाटतं लोक वेळ विकत घ्यायला बघतात, की हे आलं की स्वयंपाक वीस मिनिटांत होईल, पण ते धुवायचं, पुसायचं, ठेवायचं काम नवीनच लागतं आणि ते परत बाईच्याच वाट्याला.

म्हणून माझी पहिली चाचणी पैशाची नाहीच, ओट्याची आहे. वस्तू ओट्यावर कायम कुठे राहील आणि कुठल्या प्लगला लागेल ते बोट ठेवून दाखवा. एअर फ्रायर १५०० वॅटचा असला तर साडेसहा अँपिअर खेचतो, साध्या ६ अँपिअरच्या प्लगला लावायचा नाही, १६ वाला लागतो, आणि बहुतेक फ्लॅटच्या स्वयंपाकघरात तसे दोनच असतात, एक फ्रीजने खाल्लेला आणि एक मायक्रोवेव्हने. मग दर वेळी एक काढा एक लावा, चार दिवसांनी कंटाळा, पाचव्या दिवशी फ्रायर माळ्यावर. जे माळ्यावर गेलं ते परत खाली येत नाही, आलं तर माझ्या दुकानात येतं.

दुसरं म्हणजे भाव कळायच्या आधी कागदावर लिहायचं. हे मी शिकलो गिऱ्हाइकांकडून. ओझरकडचे एक रिटायर काका फ्रीज घ्यायला आले होते, लाइट बिलाच्या मागे लिहून आणलेलं: एवढे लिटर, एवढी रुंदी, दार डावीकडे उघडणारं, वर्षाला एवढ्या युनिटच्या आत, एवढ्या पैशांच्या वर नाही. सोबत टेप. मी त्यांना डबल डोअर दाखवला, त्यांनी टेप लावला, म्हणाले दोन इंच जास्त, पुढचा. एक्स्टेंडेड वॉरंटी दाखवली, म्हणाले कागदावर नाही. स्टॅबिलायझर, कव्हर, स्टँड, जे जे आमच्या कमाईचं असतं ते सगळं, कागदावर नाही. पंधरा मिनिटांत बिल करून गेले आणि आमचे दोन सेल्समन नुसते बघत राहिले. घरी बसून, ॲप बंद ठेवून, भाव न बघता लिहिता आलं पाहिजे की ही वस्तू कुठलं काम करेल, ते काम आत्ता कसं होतं, आणि त्यात नेमकी अडचण काय आहे. तीन ओळी. लिहिता आल्या नाहीत तर ती वस्तू तुम्हाला सेलने सुचवलीय, गरजेने नाही.

तिसरं, मन मारायला मी सांगणार नाही. हौसेला मोल नसतं हे मला पण मान्य आहे, आणि "आता काहीच घ्यायचं नाही" अशी शपथ घेणारे लोक पुढच्या सेलला दुप्पट घेतात हे मी बघितलंय. त्यापेक्षा हौसेला तारीख द्या. आपल्या आई-वडिलांकडे काय होतं, पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा, मोठी वस्तू या मुहूर्तांना यायची आणि मधले महिने तिची नुसती चर्चा व्हायची, भिशी लागायची वाट बघायची. त्या चर्चेतच निम्मी मजा वसूल व्हायची आणि बऱ्याच वस्तूंचं भूत मुहूर्त यायच्या आधीच उतरायचं. आता दर पंधरा दिवसांनी कुठला ना कुठला "महासेल" असतो म्हणजे दर पंधरा दिवसांनी दसरा. तुम्ही तुमचे साडेतीन ठेवा. जे आवडलं ते कागदावर नोंदवायचं आणि पुढच्या मुहूर्तालाच घ्यायचं, तेव्हाही हवंसं वाटलं तर बिनधास्त घ्या, नवऱ्याला माझं नाव सांगा.

आहेराबद्दल एकच. वास्तुशांतीला आलेले लेमन सेट, भिंतीवरची घड्याळं, देवांच्या फ्रेमा हे तुमचा दोष नाही, ते फिरतंच असतं, आमच्याकडून गेलेलं आमच्याकडे पण परत आलेलं आहे. पितळ-तांब्याचं काही असेल तर भांडी बाजारात मोड म्हणून वजनावर तरी जातं. प्लास्टिकचं आणि प्लगचं तिथे कुणी मोडीत घेत नाही, एवढं द्यायच्या वेळी लक्षात ठेवा.

आता आजाराचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी तसं वाटत नाही, तुम्ही बिलं लपवत नाही आणि हप्ते थकलेले नाहीत. पण खरेदीचा आजार असतो हे खरं आहे, वैद्यकात शंभरेक वर्षांपासून त्याची नोंद आहे. माझ्या पाहण्यातली खूण अशी की माणूस खोकं फोडतसुद्धा नाही. माझ्याकडे एका घरातून सीलबंद मिक्सर, सीलबंद इस्त्री, सीलबंद व्हॅक्यूम क्लीनर असं एकदम आलं होतं, घरच्यांना ते असल्याचंच माहीत नव्हतं. पार्सल शेजारी उतरवून घेणं, एक कर्ज फेडायला दुसरं काढणं, घेतल्यावर रडू येणं आणि तरी परत घेणं, असं असेल तर माझ्यासारख्याचं ऐकत बसू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडे जा, किंवा सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, तिथून सुरुवात करा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि नवऱ्याने टोमण्यात "आजार" म्हणण्यासारखं पण काही नाही.

राहिला घरात पडलेला माल. एअर फ्रायर लगेच विकू नका, मायक्रोवेव्ह खरंच लागतो का ते बघा, बऱ्याच घरांत तो फक्त दूध आणि कालची भाजी गरम करतो, ते गॅसवर पण होतं, तर त्याचा प्लग महिनाभर फ्रायरला द्या आणि मग ठरवा कुठला ठेवायचा. विकायचंच असेल तर खोकं, बिल आणि वॉरंटी कार्ड शोधून ठेवा, त्याने भावात बराच फरक पडतो, आणि निम्मा भाव येईल अशी आशा नको, वापरलेल्या छोट्या उपकरणाला गिऱ्हाईक फार कमी देतं. फूट मसाजर ओळखीत कुणा म्हाताऱ्या माणसाला देऊन टाका, पण व्हेरिकोज व्हेन्स किंवा डायबेटीस असेल तर डॉक्टरला विचारून. बंद पडलेलं असेल ते कचऱ्याच्या गाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. भाजीच्या यंत्रांपैकी धुवायला सगळ्यात सोपं एक ठेवा. आणि रोटी मेकर मात्र माझ्याकडे आणू नका, सहा-सात आधीच पडलेत, कुणी फुकट पण नेत नाही.